स्वस्त दूध कोणाला महाग पडतं?

दुकानात दूध स्वस्त झालं की आपल्याला बरं वाटतं. पण ते स्वस्त का झालं आणि तोटा कोणी सोसला, हेही आपण विचारायला हवं, असं मला वाटतं.

बाजाराचा नियम तुम्हाला माहीत आहे. माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी असलं की भाव उतरतो. दुधाला हा नियम फार कडक लागतो, कारण दूध थांबत नाही. गायीचं दूध रोज काढावंच लागतं, रविवारी आणि सणाच्या दिवशीसुद्धा. ते लवकर विकलं नाही, तर नासतं.

आपण ईडन प्रेरीत राहतो, म्हणजे दुधाच्या मुलखातच. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये गायी भरपूर आहेत, माणसं त्या मानाने कमी. फ्लोरिडात याच्या उलट. म्हणून सरकारी नियमातही जागेप्रमाणे भाव बदलतो. 2000 सालच्या नियमांत शंभर पौंड पिण्याच्या दुधामागे मूळ भावावर मिनिआपोलिसला 1.70 डॉलर जास्त द्यावे लागायचे, तर मायामीला 4.30 डॉलर.

क्रीमचं गणित आणखी वेगळं. लो-फॅट दूध तयार करताना क्रीम बाजूला निघतं. थँक्सगिव्हिंगपासून ख्रिसमसपर्यंत त्याला खूप मागणी असते. जानेवारीत मागणी कमी होते, पण गायींना ते कोण सांगणार? मग उरलेल्या क्रीमचं लोणी करतात. लोणी बरेच दिवस टिकतं. महाराष्ट्रात भूम तालुक्यात दूध आटवून खवा करतात, त्यामागचा विचारही हाच.

माझा मुद्दा इथेच आहे. ज्याच्याकडे लोणी, चीज किंवा पावडर करायची सोय आहे, तो चांगल्या भावाची वाट बघू शकतो. एकटा शेतकरी नाही बघू शकत. एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे शाळा आणि रेस्टॉरंट बंद होती, तेव्हा विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांना दूध ओतून द्यावं लागलं. जुलै 2018 मध्ये महाराष्ट्रात भाव पडले, म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांनी मुंबईला जाणारं दूध अडवलं आणि रस्त्यावर ओतलं. देश दोन, दुखणं एकच.

त्यावर दोन्हीकडे एकच उपाय निघाला: एकत्र येणं. मिनेसोटात 1921 साली लोणी करणाऱ्या सहकारी संस्था एकत्र आल्या, त्यातून लँड ओ'लेक्स उभी राहिली. कोल्हापुरात 1963 साली 'गोकुळ' दूध संघ सुरू झाला.

कोणी म्हणेल, "संघ असूनही शेतकरी अडचणीत येतोच की!" खरं आहे. मिनेसोटात आज दुधाचे गोठे दोन हजारांपेक्षाही कमी उरले आहेत. पण संघ नसता, तर व्यापारी देईल तो भाव शेतकऱ्याला मुकाट्याने घ्यावा लागला असता.

तेव्हा दूध स्वस्त मिळालं, तर जरूर घ्या, बासुंदी करा. पण शक्य असेल तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं दूध आणि लोणी निवडा, दोन पैसे जास्त पडले तरी. ते दोन पैसे गोठा चालू ठेवायला लागतात.