‘नाही’ वर खूण करू नका

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जायचंय, पण मागे एकदा व्हिसा नाकारलाय. एजंट म्हणतो, “काकू, जुनं लिहूच नका.” का बरं? डीएस-१६० अर्जात तो प्रश्न सरळ विचारलाय, आणि उत्तर त्यांच्या दप्तरी आहेच! कलम २१४(बी) खालचा नकार कायमचा नसतो. १८५ डॉलर भरून पुन्हा अर्ज करता येतो. खोटं सापडलं तर मात्र दार कायमचं बंद होऊ शकतं. दशलक्षणात उत्तम सत्यावर प्रवचन ऐकायचं आणि इथे ‘नाही’ वर खूण करायची? पैसे परत मिळत नाहीत, म्हणून घाईही नको. मागच्या वेळेपासून काय बदललं, परत यायची कारणं काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. एजंटचं पाठांतर खिडकीपाशी कामाला येत नाही, बायांनो.