स्कूप घेण्याआधी बॉनेट उघडा

जुन्या अमेरिकन गाडीचं रूप नव्याने घडवायला घेतलेला माणूस बॉनेटवरचा स्कूप शोधायला निघतो, तेव्हा त्याची नजर आधी आकारावर जाते. कुणाला थेंबासारखा निमुळता फुगवटा हवा असतो, कुणाला रुंद चौकोनी तोंड, तर कुणाला इंजिनावरच बसवलेला आणि बॉनेटच्या भोकातून डोकं वर काढणारा ‘शेकर’. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी आणि कार्लाइलला, कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला सुट्या भागांचे मोठे बाजार भरतात. तिथे गंजलेला अस्सल पत्राही मिळतो आणि फायबरमध्ये नव्याने ओतलेली नक्कलही. पण बाजाराची वाट धरण्याआधी या माणसाने स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून आत नीट पाहावं. कार्बोरेटर नेमका कुठे बसला आहे, त्यावरच्या एअर क्लीनरची उंची किती, त्याला हवा कुठून मिळते, हे ठाऊक नसताना स्कूप निवडणं म्हणजे नंबर न काढता चष्मा घेणं आहे.

फोर्डची ‘थंडरबोल्ट’ याचं फार चांगलं उदाहरण. १९६४ मध्ये ड्रॅग शर्यतींसाठी फोर्डने फेअरलेनसारख्या मध्यम आकाराच्या गाडीत ४२७ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन बसवलं. त्यावरच्या दोन कार्बोरेटरना आणि हवेच्या डब्याला जागा हवी, म्हणून बॉनेटवर थेंबाच्या आकाराचा फुगवटा आला. इंजिनाची हवा मात्र या फुगवट्यातून येतच नव्हती. पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळ्या बसवल्या होत्या आणि त्यामागच्या जाड नळ्या हवा थेट वर नेत होत्या. थंडरबोल्टचा फुगवटा हौसेने विकत घेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्याचं काम जागा करून देण्याचं होतं, आणि त्या कामासाठी तो आजही उत्तम आहे.

मग हवा खेचणाऱ्या स्कूपने खरंच किती फरक पडतो? सात लिटरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर हिशेबाने ते मिनिटाला सुमारे २१ हजार लिटर हवा ओढतं. इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा विरळ असते. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिची घनता नऊ टक्क्यांच्या आसपास घटते, आणि तेवढा प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो. स्कूपचा खरा फायदा इथे आहे: बाहेरची थंड हवा आत आणणं. वेगामुळे हवा कोंबली जाते, या समजुतीत तथ्य आहे, पण थोडंच. ताशी १६० किलोमीटरला वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबात जेमतेम सव्वा टक्क्याची भर घालतो. शहरातल्या वेगाला तर तो नसल्यातच जमा.

त्यातही बॉनेटला चिकटून वाहणारी हवा मंदावलेली असते. म्हणूनच प्रो स्टॉक ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांचे स्कूप २०१५ पर्यंत मोकळ्या वाऱ्यात तोंड काढून उंच उभे असायचे, आणि बॉनेटच्या मधोमध बसवलेली बुटकी, देखणी तोंडं अपेक्षेपेक्षा कमी हवा देतात. शेव्हर्लेने १९६९ च्या कॅमेरोसाठी उलटा विचार केला. पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा अडतो आणि तिथे दाब वाढतो, म्हणून त्यांनी बॉनेटचा फुगवटा मागे, काचेकडे उघडला. समोरून पाहणाऱ्याला तोंड दिसतच नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी याहून शहाणी रचना सापडणं अवघड. समोरून येणारा पाऊस आणि किडे थेट आत शिरत नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा.

दिखाऊ स्कूपही तेव्हापासूनचेच. पाँटिअॅकच्या जीटीओच्या बॉनेटवर १९६४ मध्ये स्कूप होते, पण बंद. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. १९६५ च्या मॉडेललाही मधोमध एक बंद स्कूप मिळाला. मात्र त्या वर्षीच्या ऑगस्टपासून विक्रेत्यांकडे एक संच मिळू लागला. तीन कार्बोरेटरभोवती बसणारा पत्र्याचा ताटासारखा भाग, त्याच्या कडेला फोमची पट्टी, आणि वरचा दागिना कापून मोकळं केलेलं तोंड. बॉनेट मिटलं की पट्टी घट्ट बसायची आणि बाहेरची हवा थेट कार्बोरेटरमध्ये जायची. जुन्या धाटणीचा स्कूप शोधणाऱ्याला यातून सगळ्यात मोलाचा धडा मिळतो. वरचं टोपण सगळ्यांना दिसतं, पण काम करते ती खालची पट्टी. ती नसेल तर उघडं तोंडही फक्त इंजिनाची खोली थोडी थंड ठेवतं.

प्लिमथने १९७० च्या रोडरनरमध्ये तर डॅशबोर्डवरच्या बटणाने उघडणारा झडपेचा स्कूप दिला, आणि त्याच्या बाजूवर शार्कचे दात रंगवले. गंमत होती, पण त्यामागे हवेची खरी वाटही होती. तीच गोष्ट १९६९ च्या, तीन कार्बोरेटर असलेल्या ‘सिक्स-पॅक’ गाड्यांची. त्यांच्या फायबरच्या बॉनेटला बिजागऱ्याच नव्हत्या; चार पिना काढायच्या आणि अख्खं बॉनेट उचलून बाजूला ठेवायचं. आपल्याकडच्या वाचकाने पहिल्या पिढीची टोयोटा फॉर्च्युनर आठवावी. तिच्या तीन लिटर डिझेल इंजिनावर, आत जाणारी दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसवलेला होता आणि बॉनेटवरचं तोंड त्यालाच हवा द्यायचं. मिनी कूपर एसमध्येही आधी तसंच होतं. पुढच्या पिढीत इंटरकूलर गाडीच्या नाकाशी गेला, तरी बॉनेटवरचं तोंड तसंच राहिलं. कारखान्याने असं करावं हे खटकतं. स्वतःच्या हाताने गाडी घडवणाऱ्याने तर मुळीच करू नये.

जागेचं माप घेण्याची जुनी युक्ती आजही खात्रीची आहे. एअर क्लीनरवर चिकणमातीचे गोळे ठेवायचे, बॉनेट हलकेच मिटायचं आणि परत उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, हे धरून एखादा इंच मोकळा सोडावा. शेकर घ्यायचा असेल, तर बॉनेटचं भोक त्या हलण्याला पुरेल एवढं मोठं हवं. भोक पाडताना खालच्या बाजूचा मजबुतीचा सांगाडा शक्यतो कापू नये, कारण तो गेला की वेगात पत्रा थरथरतो. पावसाचं पाणी निघून जायला वाट ठेवावी. फायबर आणि पोलाद उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दोन्ही जोडून वर पुट्टी भरली तर काही काळाने त्या सांध्यावर रंगाला रेघ उमटू शकते. संपूर्ण फायबरचं बॉनेट घेतलं तर हा प्रश्न उरत नाही.

आणि गाडीचं मूळ पोलादी बॉनेट शाबूत असेल, तर त्यावर करवत चालवू नये. १९६० च्या दशकातला न कापलेला पत्रा दरवर्षी दुर्मीळ होत चालला आहे. फायबरची नक्कल मात्र साच्यातून पुन्हा काढता येते. प्रयोग नकलेवर करावा. मूळ बॉनेट गुंडाळून, गंजापासून जपून ठेवावं आणि गाडी विकताना ते नव्या मालकाच्या हवाली करावं.