सातबारा संगणकावर आला, तपासणी मागे राहिली

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपल्या राज्यातला वर्धा होता. संगणक किती, उतारे किती, याचा अंदाज बांधणे सोपे. पण हस्तलिखित सातबारा म्हणजे खाडाखोड, कंस केलेली नावे, प्रलंबित फेरफार, पोटखराबा, सामाईक हिस्से. टायपिंग लवकर उरकते, ताळमेळाला खरा वेळ जातो. तो वेळ आणि त्याचा पैसा आधी पुरेसा धरला नव्हता, हे पुढच्या कामावरून दिसतेच. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करून चुका शोधाव्या लागल्या. तलाठी एडिट, मग री-एडिट करत बसले. रोजची कामे होतीच.

एवढे होऊनही ज्याच्या उताऱ्यात चार गुंठ्यांचा फरक राहिला, त्याने जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करायचा नि तहसीलचे हेलपाटे घालायचे. पीककर्ज अडते ते वेगळेच. हा खर्च कुठल्या अंदाजपत्रकात दिसतो?

२०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळतो, ही सोय मोठी. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर आली. ज्या शिवारात मोबाईलला रेंजच नाही, तिथल्या नोंदीचे काय, हे ग्रामसभेत विचारून घ्यावे.