पहिली शिवी कोण खातं?

5 जानेवारी 2023 च्या रात्री यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती असलेल्या एका रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकूने वार केले. त्याला सोडवायला धावलेला दुसरा डॉक्टरही जखमी झाला. पुढचा क्रम ठरलेला होता: काम बंद, निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेचे निवेदन, सुरक्षारक्षक वाढवण्याचे आश्वासन. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. हल्ला करणारा बाहेरून आलेला जमाव नव्हता, ज्याच्यावर उपचार चालू होते तो रुग्णच होता. दारावर कितीही पहारेकरी उभे केले तरी खाटेवरच्या माणसाला ते आत येण्यापासून अडवणार कसे?

आपल्याकडे दवाखान्यातल्या गोंधळाचा विचार फक्त कायदा आणि काठी यांच्या भाषेत होतो. कायदा तर आहेच. महाराष्ट्राने 2010 मध्ये खास अधिनियम केला. वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवर हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद झाली. या कायद्याचे संरक्षण डॉक्टरपुरते नाही, परिचारिका आणि विद्यार्थीही त्यात येतात. तरी 2017 च्या मार्चमध्ये धुळ्यात एका तरुण डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्यावर बेतले. मग राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले, उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले, सरकारने अकराशे सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले. थप्पड बसल्यानंतर काय करायचे, याची तजवीज आपल्याकडे बऱ्यापैकी झाली आहे. थप्पड पडण्याआधीच्या अर्ध्या तासाची मात्र काहीच नाही.

तो अर्धा तास वऱ्हाडात कसा असतो, ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात, कोणी विष पिऊन येतो. कीटकनाशकावर उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावे लागते, आणि त्याची मात्रा चढली की माणूस बरळू लागतो, हवेतले काहीतरी पकडू पाहतो, नाकातली नळी आणि हातातली सलाईन उपसून काढतो, जवळ येणाऱ्याला लाथ मारतो. रोज पिणारा माणूस पाय मोडून भरती होतो आणि दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात. साखर एकदम उतरलेला म्हातारा पोराला ओळखत नाही आणि शिव्या देतो. हे उर्मट रुग्ण नव्हेत. त्यांची शिवी हे लक्षण आहे, तापासारखे. त्यांना हवे असते ते औषध, शांत कोपरा, ओळखीचा माणूस आणि धरायला दोन-तीन शिकवलेले हात. प्रत्यक्षात चाळीस-पन्नास खाटांवर रात्री एखादीच सिस्टर असते आणि नातेवाईकच गॉजपट्टीने हात खाटेला बांधतात. अशा रुग्णाच्या आसपास चाकू-कात्री राहू न देणे, त्याच्या कागदावर ठळक सूचना लिहिणे, पुढच्या पाळीला तोंडी सांगून जाणे, मानसोपचार विभागाला त्याच रात्री बोलावणे ही कामे पोलिसांची नाहीत. ती रुग्णालयाची आहेत आणि त्यांना फार पैसाही लागत नाही.

नातेवाइकांचा राग वेगळ्या वाटेने येतो. धुळ्याच्या घटनेचे मूळ आठवावे: डोक्याला मार लागलेला रुग्ण, रुग्णालयात मेंदूचा शल्यविशारद नाही, म्हणून दुसरीकडे न्या असा सल्ला. आपल्याकडे याच सल्ल्याचे रूप ‘नागपूरला न्या’ असे आहे. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. धारणीच्या माणसाने तर मेळघाटचा घाट उतरून अमरावतीला येतानाच जवळपास दीडशे किलोमीटर अंतर कापलेले असते. खिशात भाड्याचे पैसे नाहीत, 108 ची रुग्णवाहिका कधी येईल ठाऊक नाही, आणि हे दोन शब्द ऐकवणारा कोण? तेवीस वर्षांचा इंटर्न, तोही उभ्या-उभ्या, दुसऱ्या खाटेकडे वळता वळता. ‘पेशंटले काही झालं तं पाहून घेईन’ ही धमकी त्या क्षणी निघते. ती समर्थनीय नाही; पण तिच्यामागची भीती खरी आहे, हे ओळखल्याशिवाय ती आवरताही येत नाही. गंभीर बातमी आणि रेफरचा निरोप वरिष्ठाने, बसून, एका जबाबदार नातेवाइकाला द्यावा; नागपूरला खाट आहे की नाही हे फोनवर विचारून मगच द्यावा. खासगी रुग्णालयांचेही तेच. 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितले. ती फ्रेम काउंटरमागे टांगून ठेवायची आणि बिलाचा आकडा सुट्टीच्या दिवशीच सांगायचा, तर भांडण दवाखान्यानेच मांडून ठेवले असे म्हणावे लागते.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांना नातेवाइकांचे हे दुखणे कोणत्याही प्रशिक्षणाविना कळले होते. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांसोबत त्यांच्या नातेवाइकांनाही आसरा देते. त्यांच्याच जिल्ह्यात रुग्णाजवळचा माणूस व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपतो.

उरतो तो खरा दांडगा. शुद्धीत आहे, प्रकृती बेताची नाही, पण रांग मोडायची आहे. हवे ते इंजेक्शन किंवा आजारपणाचा दाखला हवा आहे, ‘साहेबांशी बोला’ म्हणत मोबाइल नाकासमोर धरायचा आहे, सिस्टरला एकेरीत बोलायचे आहे. त्याला आपण सर्वांत जास्त सांभाळून घेतो, कारण साहेब खरेच फोनवर असतात. इथे मात्र आमचे मत स्पष्ट आहे: अशा माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दवाखान्याला हवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या आचारनियमांत तो होता: शिवीगाळ किंवा हिंसा करणाऱ्या रुग्ण-नातेवाइकांचे वर्तन नोंदवावे, कळवावे, उपचार नाकारता येतील, मात्र रुग्णाला अन्यत्र पाठवावे. महिन्याच्या आतच ते सारे नियम स्थगित झाले. वाद इतर कलमांवरही होता, त्यात हेही गुंडाळले गेले.

या अधिकाराला कुंपण हवे, हेही तितकेच खरे. तातडीच्या रुग्णाला हात लावायचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवले आहे. शिवाय शहरात एक दवाखाना नाकारला तर दुसरा असतो. चिखलदऱ्याच्या पाड्यावरच्या माणसाने कुठे जावे? इंग्लंडमध्ये हिंसक रुग्णाला डॉक्टरच्या यादीतून तडकाफडकी काढता येते, पण त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. सुरक्षेची सोय असलेल्या नेमून दिलेल्या दवाखान्यात त्याचे उपचार चालू राहतात. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाने ती जबाबदारी घ्यायला हरकत नाही. आणि नकाराचा निर्णय चिडलेल्या डॉक्टरने जागच्या जागी घेऊ नये. आधी लेखी ताकीद, मग वरिष्ठाची सही.

तक्रारीचेही असेच. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टरच्या हत्येच्या प्रकरणानंतर केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले की हल्ल्यानंतर सहा तासांत गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील. हे योग्यच, कारण मार खाल्लेल्या इंटर्नला एकट्याने ठाण्यात पाठवले की संध्याकाळपर्यंत ‘समजुतीने मिटवा’ सुरू होते. पण शिवीची नोंद कोण करतो? केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून, सफाई कामगार, अमरावतीच्या डफरीन या स्त्री रुग्णालयातली रात्रपाळीची सिस्टर, खासगी क्लिनिकमधली रिसेप्शनवरची मुलगी. पहिली शिवी तेच खातात, आणि ती कुठल्याच वहीत चढत नाही.

अमरावतीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याची पहिली तुकडी 2029 च्या सुमारास इंटर्न म्हणून वॉर्डात उभी राहील. तोवर अमरावतीचे इर्विन हे जिल्हा रुग्णालय, डफरीन आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात चोवीस तास माहिती देणारा एक समाजसेवा अधीक्षक, शिवीपासून पुढची प्रत्येक घटना लिहिणारी वही आणि दर महिन्याला ती वही वाचणारी, रुग्णांचे प्रतिनिधी असलेली समिती एवढे तरी अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी उभे करावे. जिल्हाधिकाऱ्यांनी ती वही मागवून पाहावी, आणि ‘साहेबां’चे फोन कोणत्या तारखेला कोणासाठी आले, तेही तिच्यात लिहिलेले असावे.