अजरामर गाण्यांना सन नसतो

डिसेंबर उजाडला की इंग्रजी संगीतसमीक्षेत सरत्या वर्षातील उत्तम ध्वनिमुद्रिकांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या महाविद्यालयांत आम्ही मराठी शिकवतो. आमचे विद्यार्थी या याद्या हिरिरीने वाचतात, त्यांच्याशी भांडतात, आपापल्या याद्या करतात. त्यांतील पुष्कळांना 'इंडीपॉप' या नावाने ओळखले जाणारे, मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर निघालेले संगीत विशेष प्रिय आहे. मात्र मराठी गाण्यांची अशीच एका वर्षाची यादी करा म्हटले की वर्ग गप्प होतो. आवडती गाणी सांगा म्हटले तर ती भराभर येतात. पण कोणत्या सालातली, हा प्रश्नच त्यांना चमत्कारिक वाटतो.

याचे खापर विद्यार्थ्यांच्या माथी फोडण्यात अर्थ नाही. मराठी गाण्याविषयी बोलण्याची जी भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचली, तिच्यात सालाला जागाच नाही. 'अजरामर', 'अवीट', 'सुवर्णकाळ', 'पिढ्यान् पिढ्या' या चार-पाच शब्दांवर आपला गीतविषयक लेखनव्यवहार आजवर निभावून गेला आहे. जे अजरामर आहे त्याचे जन्मसाल विचारणे अप्रशस्त ठरते; आणि ज्याला जन्मसाल नाही त्याची तुलना त्याच्या समकालीनांशी करता येत नाही. तुलना नाही तेथे समीक्षा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की 'अजरामर' हा मराठीत गौरवाचा शब्द राहिलेला नसून चिकित्सा टाळण्याची ती एक सभ्य पळवाट झाली आहे.

ज्या इंडीपॉपचे आमच्या विद्यार्थ्यांना आकर्षण आहे, त्याचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १९८६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या ब्रिटिश साप्ताहिकाने बावीस नव्या वाद्यवृंदांची बावीस गाणी एका कॅसेटवर एकत्र केली आणि तिला नाव दिले 'सी८६'. 'सी' म्हणजे कॅसेट आणि ८६ म्हणजे साल. पुढे या संगीताच्या एका सबंध शैलीला हेच नाव चिकटले. ब्रिस्टल शहरात १९८७ साली निघालेल्या 'सारा रेकॉर्ड्स' या चिमुकल्या कंपनीने आपल्या प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक दिला आणि १९९५ मध्ये शंभरावे प्रकाशन काढून दुकान आवरते घेतले. यांतील बहुतेक गाणी थोर नव्हती, तसा कोणाचा आग्रहही नव्हता. परंतु ती करणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी त्यांवर क्रमांक घातला, साल घातले, म्हणून आज त्यांच्याविषयी वाद घालता येतो.

आता आपल्याकडे पाहू. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी गो. ना. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि महाराष्ट्रभर पसरली. त्याच नावाचा देशपांडे यांचा काव्यसंग्रह आला १९५४ साली. म्हणजे मेहकरच्या एका कवीची कविता ग्रंथरूप होण्याआधी सुमारे वीस वर्षे लोकांच्या कानांत होती. आपल्या वाङ्मयेतिहासाचा प्रघात संग्रहाचे साल प्रमाण मानण्याचा आहे. या प्रघाताने चालले तर 'शीळ' मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहानंतरची ठरते! कवितेचे पहिले प्रकाशन लाखेच्या तबकडीवर झाले असेल, तर त्या तबकडीला आवृत्तीचा मान का नसावा, याचे उत्तर आम्हांला कोठे मिळालेले नाही.

'गीतरामायणा'चे उदाहरण कोणी पुढे करील. त्याचे साल सर्वांना पाठ आहे, हे खरे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले, दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते झाली आणि १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ती ग्रंथरूपाने काढली. पण हे साल टिकले ते आकाशवाणीचे वेळापत्रक आणि पंचांग दोन्ही त्याच्या पाठीशी होते म्हणून. समीक्षेने ते जपले असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी बाजारात आलेल्या इतर मराठी तबकड्या कोणत्या, त्यांच्या शेजारी गदिमांची रचना कशी दिसते, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात नाही.

आमच्या ठाणे शहरापुरते बोलायचे तर पी. सावळाराम यांचे नाव डोळ्यांसमोर येते. हे गीतकार ठाण्याचे नगराध्यक्ष होते. त्यांच्या नावाने शहरात पुरस्कार दिले जातात. १९४०च्या दशकाची अखेर आणि पुढची काही वर्षे या काळात सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या तिघांनी जे भावगीत घडवले, ते मर्ढेकरांच्या 'काही कविता' आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांच्या अगदी बरोबरीचे. एकीकडे यंत्रयुगाने भांबावलेला शहरी माणूस, दुसरीकडे सासरी निघालेली मुलगी आणि तिची आई. हे दोन्ही आवाज एकाच काळातल्या मराठीत उमटत होते, एकाच वाचक-श्रोत्याला ऐकू येत होते. एका आवाजावर आपण दोन-दोन प्रश्नपत्रिका काढल्या आणि दुसरा 'अजरामर' म्हणून देव्हाऱ्यात बसवला. त्यात दोघांचेही नुकसान झाले. मर्ढेकरांची बंडखोरी नेमक्या कोणत्या गोडव्याविरुद्ध उभी होती, हे मुलांना कळत नाही. आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ध्रुवपद व कडवी बसवताना सावळारामांनी काय साधले, काय गमावले, हे कोणी विचारत नाही.

या अनास्थेला कायद्याचीही साथ आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक केले. ध्वनिमुद्रिकेला असे बंधन नाही. १९८४ साली प्रताधिकार कायद्यात कलम ५२-अ घालण्यात आले. त्यानुसार ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, प्रताधिकारधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक आहे. वर्ष द्या, असे कायदासुद्धा म्हणतो, याची रसिकांनी नोंद घ्यावी. परंतु याच यादीत कवीचे नाव नाही, हेही तितकेच बोलके आहे. आज भ्रमणध्वनीवर गाणे लावले की गायकाचे नाव ठळक दिसते, कवीचे नाव शोधावे लागते. आणि जुन्या गाण्यापुढे पुष्कळदा ते नव्या संकलनात समाविष्ट झाले त्याचे साल झळकते. साठ वर्षांपूर्वीचे गाणे दहा वर्षांचे होऊन बसते!

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, गीत म्हणजे कविता नव्हे. मग १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. दि. माडगूळकरांकडे आणि १९९६ साली आळंदीच्या संमेलनाचे शान्ता शेळके यांच्याकडे गेले, ते त्यांची गीते बाजूला ठेवून काय? आणि अभंग, गौळण, लावणी, पोवाडा वगळून मराठी कवितेचा अभ्यासक्रम आखून दाखवावा. जे तेराव्या शतकापासून गायले गेले ते वाङ्मय, आणि ध्वनिमुद्रण सुरू होताच गाणे वाङ्मयाबाहेर, हा न्याय कोणता?

दुसरा आक्षेप, काळच ठरवील. हा युक्तिवाद भारदस्त वाटतो, पण पोकळ आहे. काळ स्वतः काही ठरवत नाही. कोणती जुनी ध्वनिफीत पुन्हा बाजारात आणायची, हे कंपनी ठरवते. रंगमंचावरील स्मरणरंजनाच्या कार्यक्रमात कोणती वीस गाणी घ्यायची, हे निवेदक ठरवतो. काळाच्या नावावर ही माणसे निवड करतात आणि आपण ती प्रसाद म्हणून घेतो.

तिसरा आक्षेप, याद्या करणे हे बाजाराचे काम. बाजार याद्या करतो हे कबूल, पण तो त्या खपावर करतो. पुस्तकांच्या बाबतीत 'ललित' मासिकाने 'चोखंदळ वाचकांची निवड' चालवली, शासन दरवर्षी वाङ्मय पुरस्कार देते. त्यांवर आपण यथेच्छ टीका करतो आणि त्या टीकेतून अभिरुची घडते. गाण्यापुरताच बाजाराला मोकळे रान का?

एका वर्षाकडे पाहिल्याने काय दिसते, हे २०२४ घेऊन पाहू. त्या वर्षी चित्रपटाच्या आधाराशिवाय निघालेली दोन मराठी गाणी देशभर गाजली: जळगाव जिल्ह्यातून पुढे आलेल्या संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' आणि क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी'. दुसरे तर 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या डच कंपनीने प्रकाशित केले. प्राध्यापकांच्या खोलीत या दोहोंचा उल्लेख झाला तर नाके मुरडली जातात. पण 'गुलाबी साडी'त नटलेली बाई आपल्या माणसाला छायाचित्र काढायला सांगते, आणि हे तिचे बोलणे पुरुष स्वतःच्या आवाजात गातो. एकनाथांची गौळण, ज्ञानेश्वरांची विरहिणी, शाहिरांची लावणी शिकवणाऱ्याच्या कानाला हे ओळखीचे वाटू नये? फरक असा, की लावणीतील स्त्री सख्याची नजर मागते, ही कॅमेऱ्याची मागते. 'तांबडी चामडी'त हाउस संगीताच्या ठेक्यावर उन्हात चमकणाऱ्या कातडीचा तोरा आहे. गोऱ्या नायिकेवर पोसलेल्या आपल्या गीतपरंपरेशेजारी तो ठेवून पाहावा. दोन्ही गाणी थोर आहेत असा आमचा दावा नाही. पहिल्याची कडवी ध्रुवपदाचे ओझे पेलत नाहीत आणि दुसऱ्यात नादापुढे अर्थ फार लवकर शरण जातो. परंतु हे म्हणता आले, कारण गाणी तारखेनिशी समोर आहेत. आणखी तीस वर्षांनी तीही 'अजरामर' होतील. मग हे म्हणणे म्हणजे पाप ठरेल.

आणि आमच्या परिसरातील खरे स्वतंत्र संगीत यापलीकडेच आहे. कल्याण, डोंबिवली, भिवंडीच्या गावठाणांत हळदीसाठी निघणारी आगरी-कोळी गाणी, चौदा एप्रिलची भीमगीते, नवरात्रातली देवीची गाणी ही कोणत्याही बड्या कंपनीची वाट पाहत नाहीत. त्यांत आगरी बोलीचे आजचे रूप नोंदले जाते आहे. बोलींवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे ऐकली, पण साल घालून मांडून ठेवली नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने दर मार्चअखेर आदल्या वर्षातील दहा मराठी गाण्यांची यादी करावी. तीत कवी, संगीतकार, गायक, प्रकाशक आणि प्रकाशनाची तारीख नोंदवावी. प्रत्येक गाण्यावर निवडीच्या बाजूने एक परिच्छेद आणि विरोधात एक परिच्छेद विद्यार्थ्यांनी लिहावा. यादी ग्रंथालयात पुस्तकासारखी दाखल व्हावी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. छापील शब्द जपण्याची एवढी जुनी सवय असलेल्या या शहरांना गायलेला शब्द जपणे अवघड जाऊ नये. याद्या चुकतील, हास्यास्पद ठरतील, त्यांवर भांडणे होतील. ती भांडणे व्हावीत, हाच त्यांचा उपयोग. अजरामरांची आरती पुष्कळ झाली. आता निदान त्यांच्या तबकड्यांवर सन घालू या.