कुर्डू, तरवड आणि वही

सर्वपित्री अमावास्येला आपल्या घरांत पितरांची पानं वाढली जातात आणि त्याच संध्याकाळी तेलंगणात बतुकम्मा सुरू होते. पुढचे नऊ दिवस हैदराबादच्या गल्लोगल्ली ताटांत फुलांच्या उतरंडी रचल्या जातील: खाली रुंद, वर निमुळत्या, शेंड्यावर हळदीची गौरम्मा. त्यांत झेंडू-शेवंती असतेच. पण मान गुनुगु आणि तंगेडूचा. गुनुगु म्हणजे आपला कुर्डू, तंगेडू म्हणजे तरवड. मराठवाड्यातून इथे आलेल्या घरांना दोन्ही ओळखीचे. कुर्डूची कोवळी पानं भाजीला, तरवडाची साल कातडं कमवायला. माळावरचं हे पिवळं झुडूप आज तेलंगणाचं राज्यपुष्प आहे.

आम्हाला या सणात आणखी एक गोष्ट दिसते. बांधावर फूल ओळखायचं, घरी आणून रचायचं आणि त्याभोवती फेर धरून गायचं, ही तिन्ही कामं परंपरेने त्याच बायकांकडे आहेत. आपल्या भोंडल्यात गाणं उरलं, रान सुटलं. पुढे शिकलेल्यांनी ही फारकत पक्की केली. एकीकडे वनस्पतींच्या अभ्यासफेऱ्या, त्यात शास्त्रीय नाव, कुळ आणि चला पुढच्या झाडाकडे. दुसरीकडे बंद सभागृहातली कविसंमेलनं, जिथे ‘अनाम रानफूल’ वर्षानुवर्षं अनामच राहतं. (त्याला नाव असतं. कवीने विचारलेलं नसतं, इतकंच.)

इथल्या मराठी मंडळांनी ही फारकत मोडावी. जाणकारासोबत रानात हिंडावं आणि तिथेच बसून लिहावं. जागेची अडचण नाही. बंजारा हिल्स-जुबिली हिल्सच्या मधोमध, चिरान राजवाड्याभोवतीचं केबीआर उद्यान १९९८पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रोज सकाळी माणसांची रीघ लागते. पण बहुतेकांची नजर मनगटावरच्या पावलांच्या आकड्यावर. मोर आडवा गेला तरच थांबतात. थांबून बघण्याचा धडा या शहराला दुसरीकडून मिळालेला आहे. ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६पासून इथल्या अब्जावधी वर्षं जुन्या ग्रॅनाइटच्या शिळांसाठी झटते आणि लोकांना त्या दाखवायला घेऊन जाते. दगडांसाठी जे जमलं ते झाडाझुडपांसाठी का जमू नये?

लिहिताना मात्र एक सवय मोडावी लागेल. आपल्या निसर्गलेखनाचा कान बराचसा कोकण-सह्याद्रीत घडला. धुकं, धबधबे, हिरवंगार. दख्खनचा माळ वर्षातले कित्येक महिने तपकिरी असतो, काटेरी असतो. तो लिहायला उधार विशेषणं कामाची नाहीत. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने लिहिलं ते याच सावध नजरेने. आणि मारुती चितमपल्ली तर मराठी-तेलुगू सीमेवरचेच: सोलापूरच्या तेलुगू घरात जन्मलेले, वनखात्यात नोकरी केलेले, आदिवासींना विचारून विचारून नावं गोळा करणारे. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने एखादी रानफेरी सुरू करायला हैदराबादइतकं योग्य शहर दुसरं कुठलं?

हा नुसता हौसेचा मामला नाही. मार्च २०२५च्या अखेरीस याच शहरातल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर बुलडोझर फिरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने झाडतोड थांबवली. तिथे जंगल आहे की नुसती मोकळी जमीन, यावरच वाद पेटला होता. अशा वेळी कुणीतरी आधीपासून तिथे फिरून, पाहून, लिहून ठेवलेलं असावं लागतं. बुलडोझर आल्यावर वही उघडून उपयोग नसतो.

तेव्हा याच नवरात्रात एक फेरी काढावी. पंधरा-वीसजण पुरेत. एक वनस्पतींचा जाणकार, एक लिहिता माणूस आणि बतुकम्मा रचणारी एक तेलुगू शेजारीण. तिला सन्मानाने बोलवावं, कारण गुनुगु कुठल्या बांधावर येतो हे तिलाच ठाऊक. उद्यानात पान तोडायचं नाही, फोन खिशात. एका झुडपापाशी अर्धा तास बसायचं. शेंग कशी तडकते, मुंगी कुठे जाते ते बघायचं. लिहिलेलं तिथेच मोठ्याने वाचायचं आणि जाणकाराने चुका काढायच्या. काहींना ते झोंबेल. झोंबू द्यावं. दसऱ्याला आपण आपटा वाटतो, इथली माणसं जम्मीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून देतात. ही दोन झाडं शेजारी-शेजारी ठेवून कुणी लिहून आणलं, तर ‘पंचधारा’सारख्या इथल्या मराठी नियतकालिकाने त्याला जागा द्यावी.