‘फुल फ्रेमच घ्या’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गेल्या महिन्यात चिपळूणहून भाचा आला होता. चहा संपायच्या आत मोबाईल पुढे केला. "मामा, हा घेऊ का? फुल फ्रेम आहे. किट लेन्ससकट दीड लाखाच्या घरात जातो, पण नो कॉस्ट ईएमआय आहे."

पोराचा पगार अठ्ठावीस हजार. मोबाईलवर तीन वर्षं मनापासून फोटो काढतोय: शिमगा, पालख्या, भातलावणी. नजर आहे त्याच्याकडे. जवळ साठ हजार साठलेत आणि उरलेल्या नव्वद हजारांसाठी हप्ते भरायला तो तयार आहे. कारण काय, तर व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं, "सिरियस असाल तर थोडे पैसे वाढवा आणि फुल फ्रेमच घ्या."

हे ‘थोडे पैसे वाढवा’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर वाचा. पैसे वाचतील.

आधी साधा हिशेब. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळ २.३ पट. अंधारात याचा फायदा किती? सुमारे सव्वा स्टॉप. फायदा खरा आहे, मी नाकारत नाही.

आता लेन्सकडे या. किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर जाते. साधी ३५ किंवा ५० एमएमची प्राइम लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. दोघींत येणाऱ्या प्रकाशाचा फरक जवळपास दहापट, म्हणजे सव्वातीन स्टॉप. सेकंडहँड मिळाली तर ही लेन्स एका बऱ्या मोबाईलपेक्षा स्वस्त पडते. पालखीच्या मशालीत, देवळाच्या गाभाऱ्यात, तमाशाच्या फडात फोटो कोण वाचवणार? सव्वा स्टॉपचा सेन्सर की सव्वातीन स्टॉपची लेन्स?

गंमत पुढेच आहे. आजच्या स्वस्त फुल फ्रेम बॉडीबरोबर मिळणारी किट लेन्स बघा. कॅननची २४-५० घ्या, टोकाला एफ/६.३. म्हणजे मोठ्या सेन्सरने दिलं त्यातलं थोडं बारक्या लेन्सने काढून घेतलं. "मग त्यालाही ५० एमएम एफ/१.८ घेऊ दे की!" घेऊ दे ना. पण हप्ता भरून खिशात काय उरतं ते आधी विचारा त्याला.

आणि तो ‘नो कॉस्ट’ ईएमआय. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी दाखवलेली असते. त्या व्याजावर जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी वेगळी. नो कॉस्ट म्हणे!

आता मूळ मुद्दा. परवडणारा कॅमेरा म्हणजे स्वस्त बॉडी नव्हे. बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्सा वीस वर्षं टिकतात. तुम्ही निवडता ते माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ते तोंड. ते एकदा निवडलं की पुढच्या सगळ्या लेन्सा त्याच्याच हिशेबाने घ्याव्या लागतात. आणि ‘थोडे पैसे वाढवा’ सांगणारा नेमकं हेच सांगत नाही.

निकॉनचं एफ माउंट १९५९ चं, कॅननचं ईएफ १९८७ चं. इतक्या वर्षांत किती लेन्सा बनल्या असतील! त्यातल्या कितीतरी आज कपाटांत पडून आहेत, बाजारात निम्म्या किमतीला फिरताहेत. हौशी माणसासाठी हा खजिना आहे. पण २०१८ ला दोन्ही कंपन्यांनी नवी मिररलेस माउंट आणली आणि २०२० नंतर दोघांनीही एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. व्यवसाय आहे त्यांचा, करू देत. प्रश्न आहे तो नव्या माउंटचं दार कोणासाठी उघडं आहे याचा. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर लेन्स बनवणाऱ्यांना खुली केली. म्हणून त्या माउंटवर सिग्मा-टॅमरॉनच्या चांगल्या, तुलनेने स्वस्त लेन्सा मिळतात. कॅननच्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सा यायला २०२४ उजाडलं, आणि परवानगी मिळाली तीही एपीएस-सी लेन्सांपुरती. सहा वर्षं गिऱ्हाईक एकाच दुकानात कोंडलेलं.

आणि या कोंडलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्तात काय मिळालं? २०२३ चा आर१०० बघा. नवाकोरा कॅमेरा, पण स्क्रीनला टच नाही. सात हजारांच्या मोबाईललाही टचस्क्रीन असतो हो! जुनी १८-५५ किट लेन्स टोकाला एफ/५.६ होती, नवी १८-४५ एफ/६.३. म्हणजे झूम कमी आणि उजेडही कमी. गरिबाला ‘एवढंच’ द्यायचं, म्हणजे तो आपोआप ‘थोडे पैसे वाढवतो’.

सरकारनेही एकदा हात दिला होता. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण स्वस्त मॉडेलं एकामागून एक बंद होत असतील तर दहा टक्क्यांनी काय होणार?

मग भाच्याला काय घेऊन दिलं? दोन शनिवार फोर्टातल्या बोराबाजारात घालवले. निकॉन डी७२००, २०१५ चं मॉडेल, ३१ हजार. ३५ एमएम एफ/१.८, आठ हजार. ५५-३०० झूम, दहा हजार. झाले ४९. उरलेल्या अकरात बॅटरी, कार्ड, बॅग, ट्रायपॉड आणि हवाबंद डबा. हप्ता शून्य.

या बॉडीत २४ मेगापिक्सेल आहेत. १२ बाय १८ ची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला वीसही लागत नाहीत. दोन कार्डांची सोय आहे, आणि जुन्या एएफ-डी लेन्सा फिरवणारी मोटर बॉडीतच आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत ती मोटर नाही. दुकानदार ‘सगळ्या लेन्सा बसतात’ म्हणेल. बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. हे विचारून घ्या.

सेकंडहँड घेताना शटर काउंट बघा. या वर्गातली शटर लाख-दीड लाख क्लिकसाठी बनवलेली असतात. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. उठून चालू लागा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. म्हणून तो हवाबंद डबा आणि सिलिका जेल. आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवायचा नवा ‘ग्रे’ माल दोन-पाच हजारांनी स्वस्त दिसतो, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही.

आता उत्तर पक्षही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल, किंवा भिगवणला उडत्या पक्ष्यांचा पाठलाग करायचा असेल, तर मिररलेसचा डोळा पकडणारा ऑटोफोकस खरंच वेगळी गोष्ट आहे. तेव्हा सेकंडहँड सोनी ए६४०० सारखं काही बघा, एपीएस-सीच. "डीएसएलआर मेला, लेन्सा वाया जातील" हे मात्र अर्धसत्य आहे. कॅननच्या ईएफ लेन्सा ॲडॉप्टरने आरएफवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सा एफटीझेडने झेडवर चालतात. एएफ-डीचा ऑटोफोकस मात्र तिथे जातो, हेही सांगून टाकतो.

शेवटची गोष्ट, आणि ही सार्वजनिक आहे. माझी एक झूम लेन्स आठ वर्षांनी अडकली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, "पार्ट बंद झाला, नवी घ्या." फोर्टातल्या एका कारागिराने ती अठराशे रुपयांत चालू करून दिली. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं ठरवली. त्यात कॅमेऱ्याचं नाव घ्या की! बॉडी बंद केल्यावर किती वर्षं सुटे भाग मिळतील हे खोक्यावर छापायला लावा. आपल्या तालुक्यातले लग्नाचे फोटोग्राफर, वार्ताहर, हौशी पोरं याच जुन्या कॅमेऱ्यांवर उभी आहेत.

भाच्याने परवा पहिला फोटो पाठवला. भर पावसात, रात्री साडेआठला, एसटी स्टँडवर झोपलेली म्हातारी, वर एकच ट्यूबलाइट. एफ/१.८. खाली लिहिलं होतं, "मामा, हप्ता नाही म्हणून शांत झोप लागते."

कॅमेरा घ्या, जरूर घ्या. पण ‘थोडे पैसे वाढवा’ म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा: तुझ्या व्हिडिओखालच्या त्या लिंकवरून मी घेतला, तर तुला किती मिळतात?